एका बाजूचा आवाज फाटलाय? आधी कुठे फाटला ते शोधा

काल्याचं कीर्तन पुन्हा घेता येत नाही. सात दिवसांचा सप्ताह संपतो, दहीहंडी फुटते, मांडववाला दोर सोडायला लागतो आणि महाराज पुढच्या गावाला निघालेले असतात. अशाच एका काल्याच्या कीर्तनाचं मी दोन तास दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून दोन वायरी काढून हातात मावणाऱ्या रेकॉर्डरला लावल्या होत्या. घरी येऊन ऐकलं तर उजव्या कानात सगळं स्वच्छ होतं. डाव्या कानात मात्र महाराजांनी आवाज चढवला की पत्र्यावर खडे पडल्यासारखी करकर.

मला पटेचना, कारण रेकॉर्डरचा मीटर पूर्णवेळ हिरवा होता. लाल दिवा एकदाही लागला नव्हता. मग मी नवशिक्याने करायचं तेच केलं. सॉफ्टवेअर उघडलं आणि रात्रभर तो डावा चॅनल शिवत बसलो. दुसऱ्या दिवशी बिघाडाचं मूळ सापडलं, तेव्हा लक्षात आलं की ते काम पाच मिनिटांचं होतं. तुमची रात्र वाचावी म्हणून पुढचा क्रम देतोय.

साहित्य फार लागत नाही. कॉम्प्युटर, कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर. मेनूंची नावं मी ऑडॅसिटीतली सांगतोय, पण क्रम कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तोच राहतो.

मूळ फाइलच हवी

व्हॉट्सॲपवर आलेली फाइल घेऊन दुरुस्तीला बसू नका. रेकॉर्डरच्या कार्डातली मूळ वेव्ह फाइल मागवा. पाठवणारा लांब असेल तर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती दाबली जात नाही. हा हट्ट मी का धरतो? आवाज फाटतो तेव्हा लहरीची टोकं कापली जातात आणि सपाट होतात. हा सपाटपणा हाच आपला पुरावा. एमपीथ्री किंवा तत्सम प्रकारात फाइल दाबली की ही सपाट टोकं थोडी वेडीवाकडी होतात. करकर ऐकू येतच राहते, पण ती कुठून कुठपर्यंत आहे हे सॉफ्टवेअरला नीट सापडत नाही.

याच कारणासाठी दुरुस्तीआधी कुठलाही फिल्टर लावायचा नाही. खर्ज कापणं, घरघर काढणं, आवाज उजळवणं हे सगळं नंतर. फिल्टर लावला की सपाट टोकं तिरकी होतात.

फाइलची एक प्रत काढा, मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका.

दोष फाइलमध्येच आहे ना?

हे हास्यास्पद वाटेल, पण हेडफोनची एक बाजू गेलेली असते आणि माणूस रेकॉर्डिंगला शिव्या देत बसतो. पुष्कळ जण हेडफोन उलटा घालून बघतात. त्यातून फक्त आपला कान तपासला जातो, कारण हेडफोनची बाजू आणि त्या बाजूचा आवाज दोन्ही एकत्रच पलीकडे जातात. त्यापेक्षा ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूत ‘स्वॅप स्टिरिओ चॅनल्स’ करा. करकर दुसऱ्या कानात गेली तर दोष फाइलमध्ये आहे. आहे त्याच कानात राहिली तर हेडफोन किंवा त्याची पिन बघा आणि हा लेख इथेच सोडा.

लहर डोळ्यांनी बघा

आता त्याच मेनूतून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करा, म्हणजे दोन्ही चॅनल सुटे होतील. जिथे करकर सर्वांत जास्त आहे तिथे इतकं मोठं करून बघा की एकेक लहर वेगळी दिसेल. सगळं निदान इथेच होतं, म्हणून घाई करू नका.

टोकं सपाट आहेत आणि ती बरोबर ० डीबीच्या (डेसिबेल, आवाजाच्या पातळीचं माप) रेषेला टेकली आहेत, असं दिसलं तर रेकॉर्डरचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवण्याचं प्रमाण, जास्त होता. डिजिटलमध्ये ० च्या वर जागाच नसते, जे वर जाईल ते कापलं जातं. हा सर्वांत साधा प्रकार. मीटरवर लाल दिवाही लागलेला असतो.

टोकं सपाट आहेत, पण ० च्या बरीच खाली, समजा उणे ८ डीबीला, असं दिसलं तर आवाज रेकॉर्डरच्या मीटरपर्यंत पोचण्याआधीच फाटला होता. आधीच्या कुठल्या तरी टप्प्यावर त्याची टोकं कापली गेली आणि मग तो फाटलेला आवाज लहान करून पुढे आला. मीटर फक्त उंची मोजतो. कापलेलं टोक आणि न कापलेलं टोक यांतला फरक त्याला कळत नाही. माझ्या कीर्तनाचा प्रकार हाच होता, आणि म्हणून तो हिरवा दिवा मला फसवून गेला. ‘फाइंड क्लिपिंग’ हे हत्यारही इथे फसतं, कारण ते ० जवळ पोचलेली टोकंच शोधतं. त्याने ‘काही नाही’ म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका.

फक्त वरची किंवा फक्त खालची टोकं सपाट दिसली तर विजेच्या पुरवठ्याकडे संशयाने बघा. कंडेन्सर माइकला सहसा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्या वायरीतूनच येणारी वीज, लागतो. तो कमी पडला किंवा वायरलेस माइकची बॅटरी संपत आली की असं होऊ शकतं. मात्र माणसाच्या गळ्याची लहर मुळातच वर-खाली सारखी नसते. एक बाजू बुटकी दिसली म्हणून घाबरू नका, ती सपाट आहे का ते बघा.

आणि करकर आहे, पण टोकं कुठेच सपाट नाहीत. शांत ओळीतही खर्रकन वाजतं, चढ्या सुरात कधी वाजतच नाही? मग आवाज फाटलेला नाही. वायर सैल आहे, पिन गंजली आहे किंवा मिक्सरच्या खटक्यात धूळ आहे. याला पुढे सांगितलेला फाटक्या आवाजाचा इलाज चालत नाही. तिथे तेवढे तुकडे बदलावेच लागतात. जवळ ठेवलेल्या मोबाइलची टर्र-टर्र आणि विजेची ५० हर्ट्झची घुर्र हे दोन आवाजही लोक ‘फाटलाय’ म्हणून सांगतात. त्यांचं कूळ वेगळं.

फाटला कुठे?

आवाजाचा रस्ता कागदावर मांडा. गळा, माइक, वायर, मिक्सरचा गेन, मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी), मेन आउट (मिक्सरमधून बाहेर पडणारी डावी-उजवी आउटपुटं), पुन्हा वायर, रेकॉर्डरची पिन, रेकॉर्डरचा गेन, कार्ड. एकच चॅनल बिघडला असेल तर दोन्ही चॅनलना समाईक असलेले टप्पे लगेच खोडून टाका. माझ्या कीर्तनात गळा, माइक आणि माइकचा गेन समाईक होते. महाराजांचा माइक मिक्सरवर फाटला असता तर दोन्ही कानांत फाटला असता. म्हणजे दोष मेन आउटपासून पुढे. उरली मिक्सरची दोन आउटपुटं, दोन वायरी आणि रेकॉर्डरच्या दोन पिना.

सामान अजून हाताशी असेल तर अदलाबदल करून बघा. मिक्सरच्या टोकाला डावी-उजवी वायर बदला. करकर उजवीकडे गेली तर दोष मिक्सरच्या डाव्या आउटपुटमध्ये. डावीकडेच राहिली तर वायर किंवा रेकॉर्डर. आता मिक्सरकडचं पूर्ववत करून रेकॉर्डरच्या टोकाला बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन्ही टोकं एकदम बदलली की काहीच सिद्ध होत नाही, आणि दहापैकी नऊ नवशिके नेमकं तेच करतात. (मीही केलं होतं.)

माझ्याकडे दोष निघाला एका बारीक खटक्यात. रेकॉर्डरच्या दोन पिनांना माइक आणि लाइन असे वेगवेगळे खटके होते. उजवा लाइनवर होता, डावा माइकवर राहिला होता. माइकमधून काही मिलिव्होल्ट येतात. मिक्सरच्या व्यावसायिक लाइन आउटची ठरलेली पातळी १.२३ व्होल्ट असते. शेकडो पट मोठा आवाज माइकच्या नाजूक ॲम्प्लिफायरवर आदळत होता आणि तिथेच कापला जात होता. मी त्यापुढचा गेन अगदी खाली ओढला होता, म्हणून मीटरवर सगळं ठीक दिसत होतं. लाउडस्पीकरच्या समोर उभं राहून हेडफोनमध्ये ती करकर ऐकू येणं शक्यच नव्हतं.

हल्ली ‘३२ बिट फ्लोट’ रेकॉर्डर घेतला की आवाज फाटतच नाही, असं ऐकायला मिळतं. अर्धंच खरं. असा रेकॉर्डर ० च्या वर गेलेला आवाजही धरून ठेवतो आणि नंतर तो खाली आणता येतो. पण मिक्सरमध्ये किंवा माइकमध्ये आधीच कापलेली टोकं तो परत आणू शकत नाही. फाटलेलं धोतर मोठ्या पेटीत ठेवलं म्हणून शिवलं जात नाही.

दोन्ही चॅनलमध्ये एकच गोष्ट आहे का?

दुरुस्तीला हात लावण्याआधी हा प्रश्न विचाराच. गावाकडच्या मांडवात साउंडवाला बहुधा सगळं मधोमध ठेवतो, म्हणजे डाव्या आणि उजव्या आउटमधून तोच आवाज निघतो. तसं असेल तर चांगला चॅनल हीच तुमची पूर्ण प्रत आहे.

तपासायचं असं. सुट्या केलेल्या दोन ट्रॅकपैकी एक निवडून ‘इन्व्हर्ट’ करा. आता लहर उलटी झाली. करकर नसलेला शांत भाग शोधा, दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवा आणि एकाचा आवाज हळूहळू कमी-जास्त करा. दोन्हींत एकच आवाज असेल तर एका ठिकाणी ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि जवळजवळ शांतता होते. तीच पातळी ठेवून फाटलेल्या भागावर या. मी आलो तेव्हा महाराज गायब, पखवाज गायब, टाळ गायब. उरली होती नुसती करकर. डावा चॅनल ठेवण्याजोगं त्यात काहीच वेगळं नव्हतं.

कितीही प्रयत्न केला तरी शांतता होत नसेल तर दोन्ही चॅनल खरोखर वेगळे आहेत. दोन माइकांची जोडी वापरली असेल, किंवा एका बाजूला गायक आणि दुसऱ्या बाजूला साथ असेल.

तपासणी झाली की इन्व्हर्ट परत फिरवायला विसरू नका.

आता दुरुस्ती, सोप्याकडून अवघडाकडे

दोन्ही चॅनल एकच असतील तर फाटलेला ट्रॅक उडवून द्या आणि चांगला मोनो म्हणून ठेवा. स्टिरिओच हवं असा आग्रह असेल तर त्याचीच दुसरी प्रत काढून जोडा. संपलं. कोणी ‘मोनो म्हणजे कमी दर्जा’ म्हणालं तर मांडवातल्या लोकांनीही मोनोच ऐकलं होतं, हे त्यांना सांगा.

दोन माइकांची जोडी असेल तर पूर्ण चॅनल बदलू नका, बैठकीचा पसारा, म्हणजे कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे हा भास, निघून जातो. फक्त फाटलेल्या जागा चांगल्या बाजूकडून उसन्या घ्या. अर्ध्या सेकंदाची तान फाटली असेल तर तेवढाच तुकडा पलीकडून चिकटवा. क्षणभर सगळं मधोमध आल्याचं सहसा कुणाला कळत नाही. फाटलेला भाग पंधरा-वीस सेकंदांचा असेल तर मात्र आवाज एकदम मध्ये उडी मारल्यासारखा वाटतो. तिथे आधीचे आणि नंतरचे दोन-तीन सेकंद हळूहळू मध्याकडे सरकवत न्या आणि तसेच परत आणा.

रेकॉर्डरने स्वतःच एखादी जादा प्रत ठेवली आहे का, तेही बघा. झूम एच-६ सारख्या रेकॉर्डरमध्ये वरच्या जोड माइकांसाठी १२ डीबी खालची राखीव प्रत घ्यायची सोय असते. ती चालू होती हे लोकांना आठवतही नाही. कार्डातल्या सगळ्या फाइल उघडून बघा.

यातलं काहीच नसेल तरच सॉफ्टवेअरला टोकांचा अंदाज बांधायला सांगायचं. ऑडॅसिटीत याला ‘क्लिप फिक्स’ म्हणतात. कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचा उतार बघून मधलं टोक कसं असेल ते तो रेखाटतो. आधी पाच-दहा सेकंदांच्या तुकड्यावर करून बघा. खिडकीत दोन आकडे असतात. पहिला मर्यादेचा, मुळात ९५ टक्के. निवडलेल्या भागातल्या सर्वांत उंच टोकाच्या किती जवळचं टोक कापलेलं समजायचं, ते यावरून ठरतं. म्हणून निवडीत एखादा भटका उंच खटका येऊ देऊ नका. तो सर्वांत उंच ठरतो आणि खरी कापलेली टोकं सुटून जातात. सपाट माथे जरा खडबडीत असतील तर ९० किंवा ८५ करून बघा. दुसरा आकडा आवाज किती खाली आणायचा त्याचा, मुळात उणे ९ डीबी. नवी टोकं वर वाढणार, त्यांना जागा हवी म्हणून.

इथे एक खाच आहे. तुकड्यातुकड्याने दुरुस्ती केली तर प्रत्येक दुरुस्त तुकडा ९ डीबीने बसका होतो आणि ट्रॅक खालीवर हेलकावतो. त्याऐवजी आधी पूर्ण ट्रॅकच ९ डीबीने खाली आणा, खिडकीतला दुसरा आकडा ० करा आणि मग निवांत एकेक तुकडा घ्या. दुसरा चॅनलही तेवढाच खाली आणायचा, नाहीतर तोल जातो.

किती अपेक्षा ठेवायची? रेकॉर्डर लहरीची उंची सतत मोजत असतो, त्या एकेका मोजणीला नमुना म्हणतात. सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये एका मिलिसेकंदात ४८ नमुने असतात. माथा पाच-दहा नमुन्यांचा सपाट असेल तर अंदाज छान बसतो, कानाला कळतही नाही. पण काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे त्याची एक लहर सुमारे ३४५ नमुन्यांची. त्यातले शंभर-सव्वाशे सपाट असतील तर सॉफ्टवेअर जे काढेल ते त्याच्या कल्पनेतलं गाणं. करकर कमी होईल, पण जाणार नाही. आयझोटोप आरएक्स किंवा अडोबी ऑडिशनमधली विकतची हत्यारं हे काम जास्त सफाईने करतात. हरवलेलं मात्र तीही परत आणत नाहीत, तीही अंदाजच बांधतात.

उरलेली करकर झाकायला वरची पट्टी, ३ ते ८ किलोहर्ट्झची, थोडी दाबता येते. पण कीर्तनात टाळांचा आणि चिपळ्यांचा जीव तिथेच असतो. मी २-३ डीबीच्या पुढे जात नाही. करकर थोडी राहिली तरी चालेल, बोथट टाळ ऐकवत नाहीत.

शेवटचा आसरा श्रोत्यांचा मोबाइल. कुणीतरी शूटिंग केलेलंच असतं. एखादी ओळ पूर्ण गेली असेल तर तो आवाज आणून बसवा. दोन गोष्टी सांभाळा. आवाज हवेतून एका मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. दहा मीटरवर बसलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग साधारण २९ मिलिसेकंद उशिराचं असतं, तेवढं आधी, म्हणजे पडद्यावर डावीकडे, सरकवा. आणि दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाख नमुन्यांमागे २० नमुन्यांचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात. म्हणून सुरुवातीला जुळवून पूर्ण फाइल टाकू नका. प्रत्येक तुकडा जागेवर, टाळाचा ठोका धरून जुळवा.

सांधे

कुठलाही तुकडा लावताना कापायची जागा लहर मधली रेषा ओलांडते तिथे ठेवा, आणि दोन्ही सांध्यांना १०-२० मिलिसेकंदांची फोडणी द्या, म्हणजे एक आवाज मावळताना दुसरा उगवू द्या. नाहीतर करकर काढून टकटक आणाल. शक्य असेल तर सांधा टाळांच्या ठोक्यावर टाका, ठोक्याखाली बरंच काही लपतं. मग डोळे मिटून आधीच्या दहा सेकंदांपासून ऐका. पडद्याकडे बघत ऐकलं तर सांधा आहे हे माहीत असल्यामुळे तो ऐकू येतोच.

फाइल बाहेर काढताना २४ बिट वेव्ह काढा. व्हॉट्सॲपसाठीची एमपीथ्री त्यातून वेगळी.

पुढच्या वेळी मांडवात

साउंडवाल्याशी आधी बोला. ‘दादा, मेन आउट लाइनचं आहे ना?’ एवढा एक प्रश्न पुरतो. रेकॉर्डरचे दोन्ही खटके लाइनवर आहेत का ते बोट लावून बघा. तरीही आवाज मोठा येत असेल तर वायरमध्ये २० डीबीचा पॅड लावा, तो व्होल्टेज एक दशांश करतो.

चाचणीला महाराज ‘हॅलो, हॅलो, रामकृष्ण हरी’ एवढंच म्हणतात, तेही अर्ध्या आवाजात. खरा गजर सुरू झाला आणि वीस टाळकरी एकदम उठले की मीटर कुठल्या कुठे जातो. म्हणून चाचणीत टोकं उणे २० डीबीच्या आसपास ठेवा, गजरात ती उणे १० पर्यंत येतील. आवाज कमी वाटला तर नंतर वाढवता येतो.

कीर्तन सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी एक तुकडा वेगळा घेऊन ठेवा आणि मांडवापासून लांब, शाळेच्या भिंतीमागे नाहीतर गाडीच्या काचा लावून, हेडफोनमध्ये ऐका. एकदा डावा कान, एकदा उजवा कान. हे मी हल्ली न चुकता करतो. गेल्या वेळी गाडीत बसून ऐकत होतो, तर पंगतीतल्या एका आजोबांनी काचेवर टकटक करून विचारलं, ‘बाळा, कीर्तन तिकडं चाललंय, इकडं काय ऐकतोस?’